कोपऱ्यांपुरता

साइटवर त्याला सगळे ओळंबा म्हणत. त्याने गिलावा केलेली भिंत सरळ आहे का, हे ओळंबा लावून बघायची गरज नाही, असा त्याचा लौकिक होता. बायको माल कालवून द्यायची, तो थापीने भिंतीवर चढवायचा. वीस वर्षांची जोडी. "भांडायचं ते घरी. इथे भांडलं की मालात पाणी जास्त पडतं," असं ती म्हणायची.

मग गिलाव्याचं मशीन आलं. जमिनीपासून छतापर्यंत सरसर चढायचं आणि मागे गुळगुळीत भिंत सोडायचं. ही दोघं दिवसभर राबून एक खोली उरकत. मशीन जेवणाच्या सुट्टीआधी तीन. माल पंपातून यायचा, म्हणून पहिल्याच आठवड्यात बायकोला घरी बसवलं.

ओळंब्याला मात्र इंजिनिअरने ठेवून घेतलं. मशीनला कोपरे जमत नव्हते; वीतभर जागा कोरी राहायची.

"बघितलंस? शेवटी माणूसच लागतो," तो बायकोला म्हणाला.

"कोपऱ्यांपुरता," ती म्हणाली.

तो मशीनमागे धावू लागला. मनगट सुजलं. चहाला थांबलं की मशीन खोलीभर पुढे. इंजिनिअर रोज म्हणायचा, "मिस्त्री, काम तुमच्यापाशी अडतंय." असं त्याला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

इमारत ठरल्यापेक्षा चार महिने आधी उभी राहिली. सगळ्यांचा फोटो काढला, मशीन मधोमध.

"पुढच्या इमारतीवर कधी येऊ?" त्याने विचारलं.

इंजिनिअर चांगला माणूस होता. त्याला मान वर करवेना. "तिथे गिलावाच नाही, मिस्त्री. भिंती कारखान्यातून तयार येणार. क्रेनने उचलायच्या नि बसवायच्या."

"आणि कोपरे?"

"कोपऱ्यांसकट."

"मग मला मशीन चालवायला शिकवा."

"त्याला कोर्स लागतो. शिवाय वय..."

महिनाभर ओळंबा साइटी पालथ्या घालत हिंडला. "दुरुस्ती निघाली तर बोलावू," असं सगळे म्हणाले. बोलावलं कुणीच नाही. अखेर इंजिनिअरनेच शब्द टाकला आणि नव्या साइटच्या गेटवर त्याला उभं केलं. वर्दी खांद्यात ढगळ होती.

"उभं राहायला काय जातंय?" बायको म्हणाली आणि पाठ फिरवून भांडी घासू लागली.

रोज सकाळी भिंती रचलेला ट्रक येतो. तो गेट उघडतो, ट्रक आत जातो, तो गेट लावतो.