डावीकडची शिवण

माझी आई ब्लाउज शिवते. दिवसभर तिच्या तोंडी छाती, कंबर, दंड. टेप फिरवताना ती मापं अशी खणखणीत सांगते की रस्त्यावरच्या माणसालाही पाठ व्हावीत. अशा आईच्या पोटी जन्मून मी मात्र छातीतली गाठ लपवत होते.

आधी वाटाण्याएवढी होती. मग सुपारीएवढी झाली आणि ठणकायला लागली. आपल्याला कॅन्सर झालाय अशी माझी खात्रीच पटली. गंमत म्हणजे, मरणाच्या भीतीपेक्षा मला लाज जास्त वाटत होती. मेल्यावरही लोक विचारणारच ना, गाठ कुठे होती म्हणून!

शाळेचा ड्रेस डावीकडे घट्ट झाला, तेव्हा आईने दातांतल्या टाचण्याही न काढता निकाल दिला.

"एक बाजू थोडी मोठी असतेच गं. आयुष्यभर बायकांची मापं घेतलीत मी."

तिने शिवण उसवून सैल करून दिली. काही दिवसांनी ड्रेस परत घट्ट झाला, तिने परत सैल केला.

"झाकून जातंय ना? मग झालं तर," ती म्हणाली.

झाकण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

मग मला ताप भरला. अंग पुसायला आईने माझा सदरा काढला आणि ती लालभडक सूज तिला दिसली.

"कधीपासून आहे हे?"

"तूच तर सैल करून देत होतीस."

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

दवाखान्यात म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "काय होतंय हिला?"

"ताप आहे," आई म्हणाली.

"आणखी काही?"

"अंग दुखतं."

"कुठे दुखतं?"

आईने पदर सारखा केला. डॉक्टर माझा घसा बघायला लागले. मी आ वासून आईकडे बघत होते आणि ती फरशीकडे. आता हे घशाचं औषध देणार आणि आम्ही मुकाट घरी जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

"छातीत गाठ आहे," मी म्हणाले. "डावीकडे. पिकलीय."

कानशिलं तापली. लाजेने अर्धमेली झाले, पण बोलले.

डॉक्टरांनी नर्सबाईंना आत बोलावलं आणि मला नीट तपासलं.

"गळू झालंय. कॅन्सरबिन्सर काही डोक्यात आणू नकोस. सुईने पू काढू, गोळ्या मात्र सगळ्या संपवायच्या. या वयातल्या गाठी बहुतेक साध्याच असतात, पण दाखवायला नकोत का वेळेवर? त्यात लाजायचं काय?"

मला रडूच फुटलं. डोळे पुसत मी उठायला गेले, तर आईने माझं मनगट घट्ट धरलं. डॉक्टरांकडे न बघता ती माझ्या कानाशी पुटपुटली,

"आता माझंही सांग ना."