थांबायची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. पितळेची, अस्सल. हल्ली दुकानात टांगलेल्या त्या रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पोरी माझ्या कुणी लागत नाहीत. आता माझ्यातून आवाज फुटत नाही, म्हणून म्हटलं, निदान बोलून तरी घ्यावं.

माझा जन्मच ठोकाठोकीत झाला. पत्रा कापला, दाबाखाली घालून वाकवला, आगीने सांधला आणि पोटात बुचाचा एक मणी टाकला. तो मणी म्हणजे माझा जीव. श्वास मात्र मला कुणी दिला नाही. मी ज्याच्या तोंडी लागेन त्याचाच तो. त्यामुळे माझ्या आवाजाचं पाप कुणाचं आणि पुण्य कुणाचं, हा वाद माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

मला आणलं ते शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी. मैदानावर पोरं चेंडू सोडून एकमेकांच्या नडग्या फोडायची. मास्तर मला एकदाच, लांब फुंकायचे, आणि लाथ मारायला उचललेला पाय हवेतच राहायचा. थांबवणं हे माझं काम, आणि त्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढे मास्तर निवृत्त झाले, दम्याने त्यांची छाती धरली आणि मी खिळ्याला लटकले.

मास्तरांची सून तळ्याकाठी रोपवाटिका चालवायची. हाताला गुण असा की वाळकी काडी खोचली तरी पालवी फुटायची. एका वर्षी तिची रोपं कडेने करपायला लागली, आणि मग तळ्यात मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. रंगाच्या कारखान्याचा टँकर भर दुपारी येऊन नाल्यात रिकामा होतो, हे तिनेच पाहिलं. नाला तळ्यात उतरतो आणि तळ्याचं पाणी वस्तीच्या नळांना येतं. म्हणजे ते विष घराघरांतल्या हंड्यांत उतरत होतं.

तिचा नवरा टँकर अडवायला गेला, तेव्हा टँकरवाल्यांनी पान्याने त्याचा जबडा मोडला. तो कितीतरी दिवस पातळ पिऊन होता. सूनबाई नगरपालिकेत गेली तर साहेब म्हणाले, रंगेहाथ पकडा, मग बघू.

मग वस्तीची सभा भरली. तळ्यावर पाळीपाळीने पहारा ठेवायचा, असा ठराव झाला. मला खिळ्यावरून उतरवून सूनबाईच्या गळ्यात घातलं. एक शिट्टी म्हणजे नजर ठेवा, तीन शिट्ट्या म्हणजे हातातलं काम टाकून धावत या. टाळ्या पडल्या, चहा झाला. थांबायचं असेल तर कोणती शिट्टी, हे मात्र कुणी विचारलं नाही. मास्तर समोरच बसले होते, पण त्यांच्याही ते ध्यानात आलं नाही.

एके दिवशी सूनबाईची पाळी होती आणि जेवणं आटोपून वस्ती जरा लवंडली होती. टँकर आला, नाल्याकडे पाठ करून उभा राहिला आणि ड्रायव्हरने खाली उतरून मागच्या कॉकचं चाक फिरवलं. जांभळं, वाफाळतं पाणी नाल्यात कोसळू लागलं. याच क्षणापर्यंत थांबायचं ठरलं होतं, साहेबांना रंगेहाथ हवा होता ना. सूनबाईने मला दातांत धरलं आणि तीनदा फुंकलं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तिच्या श्वासात नवऱ्याचा मोडका जबडा होता.

माणसं धावत आली. हातातलं टाकून यायचं ठरलं होतं, पण येताना प्रत्येकाने हातात काही ना काही घेतलंच. काठ्या, फावडी, सायकलची साखळी. एकीने तर कपडे वाळत घालायचा बांबूच उपसून आणला. हा जबडा मोडणारा होता की दुसराच कुणी, हे पाहायला कुणाला सवड होती? पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला, दुसऱ्याने कान फाटला. तो पडला तसे लाथांना सुरुवात झाली. कारखान्याचा मालक त्या वेळी आपल्या गार खोलीत बसला असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

मग तो पोटावर सरपटत टँकरच्या मागच्या बाजूला निघाला. पळतोय, असं कुणीतरी ओरडलं आणि त्याच्या गुडघ्यावर फावडं आलं. हाड मोडल्याचा आवाज मी मैदानावरही ऐकला होता, पण तो इतका ओला नव्हता.

तो पळत नव्हता. तोंडातलं रक्त थुंकत तो म्हणत होता, "कॉक बंद करा. सगळं तळ्यात जाईल, कॉक बंद करा."

ते फक्त सूनबाईला ऐकू गेलं, कारण ती नाल्यापाशी होती. तिने वळून पाहिलं, तर तळ्याची कड जांभळी झालेली. ती चाकाला जाऊन भिडली. चाक जाम होतं, तळहात भाजले, पण ते तसूभरही हललं नाही. ती ओरडली, हाका मारल्या. त्या गलक्यात कोण ऐकतो? मग मदतीला कुणी यावं म्हणून तिने मला फुंकलं. घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच बाहेर पडतं. तीनदा. पुन्हा तीनदा. लांबच्या गल्ल्यांतली माणसंही धावत आली आणि तीही त्याच्यावर तुटून पडली. मी जितकी ओरडत होते तितका तो मार खात होता.

शेवटी ती त्याच्यावर आडवी पडली. चाक फिरवणं त्याला ठाऊक होतं म्हणून पडली. दया नंतर आली, असं ती स्वतःच सांगते. वरून येणारा बांबू तिच्या तोंडावर बसला. तिचा दात तुटला आणि मला हा पोचा पडला.

तेवढ्यात मास्तर पोचले. धाप लागलेली, ओठ निळे. त्यांनी गळ्यातली दोरी तोडून सुनेच्या रक्ताळलेल्या तोंडातून मला काढलं, शर्टाला पुसलंसुद्धा नाही, आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून एकदाच, लांब फुंकलं.

त्या घोळक्यातले निम्मे त्यांच्या हाताखाली खेळलेले. वर गेलेल्या काठ्या वरच राहिल्या. दोन पोरांचा बाप असलेला एकजण फावडं खाली टाकून, हात मागे बांधून उभा राहिला.

"आता कुणीतरी तो कॉक बंद करा," मास्तर म्हणाले आणि खोकत खाली बसले.

दोघांनी मिळून चाक फिरवलं. त्याची गरजच उरली नव्हती. टाकी रिकामी झाली होती.

मास्तर खोकत असताना मी त्यांच्या हातून सुटून त्या जांभळ्या पाण्यात पडले. पोटातला मणी तिथेच विरघळला. सूनबाईने दुसऱ्या दिवशी मला चिखलातून शोधून काढलं.

ड्रायव्हरचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. वस्तीतल्या पाचसहा जणांवर खटले चालू आहेत. टँकर आमचा नव्हेच, असं सांगून कारखाना मोकळा झाला. नळ बंद आहेत. बैल गेला आणि झोपा केला, तशी पुन्हा सभा भरली आणि नवा ठराव झाला: गाडी आली तर आधी कॉककडे धावायचं, माणसाला हात लावायचा नाही. मास्तर खुर्चीत बसून सगळ्यांना लांब शिट्टी शिकवतात, प्लास्टिकच्या शिट्टीवर. मला त्याचा रागही येत नाही आता.

मी मुकी झाले तरी सूनबाई मला गळ्यातून काढत नाही. तळ्याच्या कडेने तिने पुन्हा बी टाकलं आहे. उगवेल की नाही, तिलाही माहीत नाही.

तुमच्याकडेही असं एखादं तळं असेल. ते राखायला जरूर निघा, कानाडोळा करू नका. पण बाबांनो, सभा भरवाल तेव्हा सगळ्यात आधी थांबायची शिट्टी ठरवा. मारायला धावून यायला माणसांना शिट्टी फारशी लागत नाही.