काळी काच, पांढरा शिरीष आणि दिदी

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवायची एक काळी काच बोलतेय. काळी म्हणजे इतकी, की मला प्रथमच डोळ्याला लावणारा माणूस आधी मला पुसतो आणि मग दुकानदाराला शिव्या घालतो. पण माणसांना न दिसणारा एक उजेड असतो, तो तेवढा माझ्यातून पलीकडे जातो. इन्फ्रारेड फिल्मवर त्याने हिरवी पानं बर्फासारखी पांढरी उमटतात.

माझा जन्म जपानचा, संसार बंगालातल्या चंदननगरचा. मालक निरुपम सरखेल, भूगोलाचे निवृत्त मास्तर. डबीत माझी शेजारीण लाल काच. तिच्यातून समोरचं दिसतं, फोटोही चटकन निघतो. पानं मात्र अर्धवटच पांढरी होतात. मला दोन सेकंद लागतात आणि तिपाईशिवाय माझं पान हलत नाही.

पुढे ती फिल्म निघायची बंद झाली. मालकांच्या शेवटच्या रोलवर एकच फोटो उरला होता, आणि त्याच आठवड्यात त्यांची थोरली बहीण मुलाकडे सिलीगुडीला कायमची निघाली होती. जन्मभर कॅमेऱ्याला पाठ दाखवणारी दिदी कशीबशी एका फोटोला तयार झाली. अंगणातल्या शिरीषाखाली, बाकावर बसून.

कॅमेरा क्लबातले देबांजनबाबू म्हणाले, "निरुदा, लाल लावा. तुमची दिदी दोन सेकंद गप्प बसल्याचं अख्ख्या चंदननगरात कोणी पाहिलेलं नाही."

"झाड बर्फातल्या दार्जिलिंगसारखं दिसलं पाहिजे," मालक म्हणाले. माझी निवड झाली. मी फुगले, कबूल करते.

मला लावलं की कॅमेरा आंधळा होतो. म्हणून आधी चौकट ठरवायची, फोकस करायचा, तो भिंगावरच्या इन्फ्रारेडच्या लाल खुणेपर्यंत सरकवायचा आणि मग मला फिरवून बसवायचं. मालकांनी सगळं बिनचूक केलं.

"भोंबोल, झालं का रे? एवढ्या वेळात तू चार वर्गांची हजेरी घेतली असतीस." दिदीने बाकावरून मालकांना लहानपणच्या नावाने हाक मारली.

"दिदी, आता एक शब्द नको. श्वास रोखून धर."

आणि सवयीने त्यांनी एक डोळा मिटून दुसरा कॅमेऱ्याला लावला. दिसणार काय? अंधार. तेवढ्यात शेजाऱ्यांची शेळी तुळशीत शिरली. दिदी भावाचा हुकूम पाळत, अवाक्षर न काढता उठली आणि शेळीमागे धावली. मालकांनी बटण दाबून शांतपणे मोजलं, "एक... दोन..."

रोल धुतला. शिरीष पांढराशुभ्र, पान न् पान सुटं. बाक रिकामा. मालक दोन दिवस नीट जेवले नाहीत.

निघायच्या दिवशी त्यांनी ओशाळत फोटो पुढे केला. दिदीने तो घेऊन पिशवीत ठेवला.

"हा मी नेणार."

"अगं, तू कुठे आहेस त्यात?"

"मी तर तिकडे असणारच आहे. झाड येणार आहे का माझ्याबरोबर?"

"आणि मला काय उरलं?"

"मी हवी असेन तर गाडीत बस आणि ये. येताना इथली मिठाई, जलभरा संदेश, आण. तिकडे असला मिळत नाही."

वर्षभरात मालक चारदा सिलीगुडीला जाऊन आले, कॅमेरा न घेता. मी डबीत पडून आहे. लाल काच टोमणे मारते, मी ऐकून घेते.

कुणाकडे तसली फिल्म उरली असेल, तर मला डोंगरासमोर लावा, झाडासमोर लावा. समोर बहीण बसली असेल, तर मात्र मुकाट्याने माझ्या लाल शेजारणीला डबीतून काढा.