टाकेवाल्या माईंची पिशवी

दुपारचे दोन वाजले तरी रांग हॉलच्या जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत आली होती. साठेक बायका आणि एकही पुरुष नाही, कारण दुखणंच असं की घरात त्याचं नाव काढायची चोरी. वर टाकेवाल्या माई बसल्या होत्या. समोर लाल कापडाच्या चिमुकल्या पिशव्या, प्रत्येकीचं तोंड पांढऱ्या दोऱ्याने शिवलेलं. बाई पुढे आली की माई एक पिशवी तिच्या मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून म्हणायच्या, "तुझं अंग कुणीतरी शिवून टाकलंय, लेकी. सुई नजरेची, दोरा मत्सराचा." मग दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढायच्या. अख्खी शिवण सरसर सुटायची आणि बाई ढसाढसा रडायला लागायची.

मी अकरा वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. नजरेची सुई कितव्या नंबरची असते, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. तरी त्या दिवशी मी तोंड मिटून उभी राहिले, कारण माझ्या पुढे माझी धाकटी जाऊ होती आणि तिच्या पुढे सासूबाई.

तिच्या बाळंतपणाला दहा महिने झाले होते. टाके पडले होते, जखम भरल्याचं दवाखान्यात सांगितलं होतं. पण नवरा जवळ आला की इतकं दुखायचं की ती उशी दातात धरायची. ती माझ्याच कारखान्यात शिलाईला आहे; तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत तिने मला हे सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. सासूबाईंनी तिचा चेहरा बघूनच ओळखलं आणि माईंचा पत्ता काढला.

माईंपुढे बसल्यावर जावेने एवढंच विचारलं की सोबत डॉक्टरलाही दाखवलं तर चालेल का. माईंनी तिला जरा न्याहाळलं, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि दोरा ओढला. शिवण सुटली नाही. पुन्हा ओढला, तर आणखीच आवळली.

"हिच्या मनात दुसरा आहे," माई सासूबाईंना म्हणाल्या. "पुढच्या रविवारी आणा. तेव्हाही नाही सुटलं, तर हिला घरात ठेवू नका."

तो आठवडा आमच्या घरात कोणाला धड घास गेला नाही. सासूबाई बाळाला जावेकडे फक्त दूध पाजायला द्यायच्या. दीर मान वर न करता जेवायचा. जावेने दोन साड्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. मला एका जागी बसवेना. माईंवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण मग शिवण का सुटली नाही, हे काही केल्या कळेना. त्याचाच राग जास्त येत होता.

शुक्रवारी कामावर बटणांचं पोतं आलं. घाईत मी तोंडाच्या दोऱ्याचं भलतंच टोक ओढलं, टाका आवळला. वैतागून दुसरं टोक ओढलं आणि पोतं सरसर उघडलं. साखळी टाका! शिवण जिथे संपते त्या टोकाने ओढलं की सगळी उसवते, जिथे सुरू होते त्या टोकाने ओढलं की घट्ट होते. अकरा वर्षं ज्या टाक्याने माझी बोटं सोलली, तो ओळखायचा सोडून मी माईंच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिले होते.

रविवारी जाऊ माईंपुढे बसली तेव्हा मी म्हटलं, या वेळी दोरा सासूबाई ओढतील. माई म्हणाल्या, त्याला शुद्ध हात लागतात.

"म्हणजे आमच्या सासूबाईंचे अशुद्ध आहेत का?" मी विचारलं.

सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. साठ बायकांसमोर माईंना नाही म्हणता येईना. सासूबाईंनी हात पुढे केला, मी त्यांच्या बोटात शेवटचं टोक दिलं, आणि दुसरा पुरुष मनात असलेल्या माझ्या जावेच्या मांडीवर पिशवी सरसर उघडली. मग मी दुसरी पिशवी उचलून माईंच्याच मांडीवर ठेवली आणि सुरुवातीचं टोक ओढलं. टाका आवळला.

"माई, तुमच्या मनात कोण आहे?"

मागे एक म्हातारी खुदकन हसली. पण सगळ्या हसल्या नाहीत. एक जण माझ्यावर उखडली की आम्हाला इथे बरं वाटलं होतं. ते खोटं नव्हतं. माई प्रत्येकीला चाळीस दिवस नवऱ्यापासून वेगळं झोपायला सांगत. चाळीस दिवस दुखत नसे आणि एक्केचाळिसाव्या दिवशी बाई पुन्हा रांगेत.

पुढच्या आठवड्यात दीर आणि मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी प्रत्येक वेळी तिला विचारून तपासलं. जखम भरली होती, जंतुसंसर्ग नव्हता. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाई म्हणाल्या, "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. डोळ्याजवळ बोट आणलं की पापणी मिटते ना? तसे हिचे स्नायू धास्तीने आवळतात, आणि आवळले म्हणून दुखतं. शिवलेलं काहीच नाही." त्यांनी पोटात सावकाश श्वास घेऊन ते स्नायू सैल सोडायला शिकवलं. अंगावर पाजताना कोरडेपणा येतो, त्यासाठी लावायला वंगणाचं जेल सांगितलं. दिराला बजावलं की दुखलं की थांबायचं, सोसून घ्यायला लावायचं नाही. तो मान खाली घालून हो म्हणाला.

मग त्यांनी विचारलं, लघवीला कामावर किती वेळा जाता? जाऊ म्हणाली, जात नाही. आणि माझ्याकडे बघितलं.

आमच्याकडे चाळीस बायकांना संडासाचा एकच लाकडी बिल्ला होता; तो हातात असेल तरच जायचं. तो माझ्या टेबलाजवळ टांगलेला असायचा, आणि कोणी उचलला की मी घड्याळ बघायचे. बाई म्हणाल्या, तासन्तास रोखून धरल्याने हे दुखणं वाढू शकतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोमवारी तो बिल्ला मी काढून टाकला. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, जिला लागेल ती जाईल.

जाऊ चार महिन्यांत बरीच सावरली आहे, पूर्ण नाही. सासूबाईंनी तिची माफी मागितली नाही. पण परवा स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाल्या, "त्या बाई माझ्या वयाच्यांना बघतात का गं? खोकलं की थेंब गळतो. वीस वर्षं झाली."

वीस वर्षं! तेव्हा माझं सगळ्यांना एकच सांगणं आहे. दुखलं, गळलं तर लाजू नका, तपासून घ्या. आणि कोणी दोरा ओढून तुमचं मन वाचायला लागलं, तर एवढंच विचारा, दुसरं टोक मी ओढून बघू का?