बाटलीत हवा नको

"आज तू भर," बाबा म्हणाले आणि पाईप प्रणाली मॅडमच्या हातात दिला. "माझ्या हातानं न्हाय व्हनार."

इंजिन बंद होतं, होडी डुलत होती. मला नाचावंसं वाटलं. बारा वर्षांत पहिल्यांदा माझा बाप शहाण्यासारखा वागला होता.

बाप म्हणजे कोंडाजी. सातवी नापास. किहीमच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. बारा वर्षांपूर्वी एका संशोधक बाईंनी आमची होडी भाड्यानं घेतली आणि जाताना बाबांना वेड लावून गेल्या. जमिनीखालच्या खडकात रेडॉन नावाचा वायू असतो. खालचं पाणी तो सोबत घेऊन येतं. समुद्राच्या पाण्यात तो नसल्यातच जमा. म्हणजे समुद्रात जिथे रेडॉन सापडेल, तिथे तळातून गोडं पाणी वर येतंय. एवढंच शास्त्र. पण वायू पळपुटा. पाणी वरून धबाधबा ओतलं किंवा बाटलीत हवा राहिली, की गेला. म्हणून पाईप तळाला टेकवायचा, बाटली भरून वाहू द्यायची, आणि बूच असं लावायचं की एक बुडबुडा राहता कामा नये.

बाबांसारखी बाटली कोणी भरत नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये मी. त्यानंच आमची वाट लागली.

फेब्रुवारीत डोंगरावर बंगले बांधणाऱ्या कंपनीनं पाण्याचा अभ्यास लावला. बाटल्या बाबांनी भरल्या. मन लावून, जीभ बाहेर काढून. एप्रिलच्या ग्रामसभेत कंपनीच्या माणसानं पडद्यावर आकडा दाखवला. रोज इतके लाख लिटर गोडं पाणी समुद्रात वाया जातंय. मग डोंगरावर आठ बोअर मारल्या तर कोणाचं काय जातंय?

वाया! अरे, ते पाणी खालून रेटतं म्हणून खारं पाणी मागे राहतं. म्हणून आमची विहीर गोडी आहे. शेजारच्या पाड्यात रिसॉर्टनं बोअर मारल्या, दोन उन्हाळ्यांत तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना. तिथल्या बाया आता आमच्याकडे हंडे घेऊन येतात. आमची खारी झाली की आम्ही कुठे जायचं?

मे महिन्यात खात्रीसाठी दुसरी फेरी लागली. हीच ती. सकाळी आई बंदरापर्यंत मागे आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "एवढी हवा भरलीय डोक्यात, जरा त्या बाटलीत घाला!" सगळे हसले. बाबा नाही हसले.

प्रणाली मॅडम पुण्याची, कंपनीनं या अभ्यासासाठी पाठवलेली. चोवीस-पंचवीसची असेल. होडी लागून पार पिवळी पडलेली.

"मी फक्त आकडे देते हो, काका," ती म्हणाली.

"विहीर खारी झाली की आकडे पिऊ," मी म्हणालो.

"विनेश, गप."

तिनं पंप लावला. बाटली तिरकी, पाईप अर्ध्यातच. पाणी गुडगुडत पडत होतं. मला तो आवाज इतका गोड लागला म्हणून सांगू! पळ, म्हटलं, पळ. रेडॉन नाही म्हणजे पाणी नाही, पाणी नाही म्हणजे बोअर नाही. बाबांना खोटं बोलावंही लागणार नव्हतं. फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

तिनं बूच लावलं. "काका, बरोबर आहे ना?"

बाबांनी बाटली उन्हाकडे धरली. उलटी केली. मी त्यांच्याकडे डोळे फाडून बघत होतो. हरभऱ्याएवढा बुडबुडा वर सरकला.

"हवा हाय," बाबा म्हणाले. "वत. परत भर. पाईप तळाला टेकव, पोरी."

"बाबा!"

"काय बाबा? पानी हाय तं हाय. वाया जातं ह्ये ज्यानं लिवलं, त्याची गचांडी धर ना. ग्रामसभेत का न्हाय बोललास?"

"तुम्ही बोललात?"

बाबा हळू म्हणाले, "न्हाय बोललो." बाटली त्यांच्या हातातच होती. "उद्या विहीर खारी झाली, तं आधी हितं पानी येत होतं ह्ये कशावरनं दावशील?"

"दाखवून काय करू? कोर्टात जाऊन पिऊ?"

मॅडम खाली बघत होती. मग तिनं बाटली घेतली, ओतली आणि परत भरली. या वेळी बाबांनी तिचं मनगट धरून पाईप खाली नेला. बाटली भरली, वाहिली, पुन्हा वाहिली. बूच बसलं. आत काहीच हललं नाही.

"हँडल मार," बाबा म्हणाले. "फुडच्या जागेवर जायचंय."

मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, हात बांधून बसून राहिलो. मरू दे, म्हटलं. अजून अकरा बाटल्या. त्यांच्या त्यांना भरू दे.

त्यांनी थोडा वेळ वाट बघितली. मग चौसष्ट वर्षांचा माणूस वाकून इंजिनाकडे गेला. पहिलं हँडल फुकट. दुसऱ्याला तोल गेला, गुडघा फळीवर आपटला. मॅडम उठायला लागली, तर त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं. तिसऱ्याला इंजिन धरलं. त्यांनी तेलकट हात चड्डीला पुसले आणि माझ्याकडे न बघता सुकाणू धरलं.