माझ्या अंगावरच्या अकरा खुणा

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुम्ही वर्गात शेवटच्या बाकावर बसला आहात. गणिते सोडवून झाली आहेत आणि वही तपासायला बाईंच्या टेबलापाशी न्यायची आहे. पण उभे राहून चालायचे, तर तुम्हाला दोन्ही हातांनी दांडे धरावे लागतात. एक हात सुटला की तोल गेलाच. मग वही कशात धरणार? दातांत?

उघडा डोळे. हा प्रश्न मला स्वतःला कधी पडलाच नव्हता. मी एक जुना लाकडी वॉकर आहे. चार पाय, दोन दांडे आणि समोर एक आडवी पट्टी. ज्यांच्या पायांत बळ कमी असते त्यांनी माझे दांडे धरायचे, मला थोडे पुढे ठेवायचे आणि एक पाऊल टाकायचे. पुन्हा मला पुढे ठेवायचे, पुन्हा एक पाऊल. एवढेच माझे काम.

मी आधी कागदावर जन्मलो. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी वस्तूंची आखणी करणाऱ्या एका ताईंना सांगितले होते, "आमच्या मुलांसाठी चांगला वॉकर करून द्या. पहिला जमला तर तसेच चाळीस करून घेऊ." ताईंनी मुलांच्या उंचीचे तक्ते पाहिले, पुस्तके चाळली आणि माझे चित्र काढले. सुतारकाकांनी त्या चित्रावरहुकूम मला घडवले. पॉलिशचे तीन हात दिले. माझी पट्टी अशी चकाकत होती की काकांनी तीत बघून मिशीला पीळ दिला. मी तर फुगूनच गेलो.

मग मला एका नऊ वर्षांच्या मुलीसमोर ठेवण्यात आले. घरी तिला सगळे भिंगरी म्हणत. पायांमुळे नव्हे, जिभेमुळे! पण त्या दिवशी डॉक्टरीणबाई, ताई, काका आणि आई असे चौघे तिच्याभोवती उभे होते. ती चार पावले चालली. ताईंनी विचारले, "कसा वाटला गं?"

भिंगरीने चौघांच्या तोंडांकडे पाहिले आणि म्हणाली, "चालेल."

झाले! ताईंनी वहीत लिहून टाकले, 'मुलीला पसंत.'

दोन दिवस ती मला घेऊन शाळेत गेली. तिसऱ्या दिवसापासून मी घरी, खिडकीजवळच्या कोपऱ्यात. आई तिला पुन्हा उचलून बाकावर बसवू लागली आणि तिची वही पुन्हा मैत्रीण नेऊ लागली. मला वाटले, मुलगीच आळशी आहे. मित्रांनो, त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

तीन आठवड्यांनी ताई आणि सुतारकाका घरी आले. दुसऱ्या दिवसापासून चाळीस वॉकरांचे लाकूड कापायला घ्यायचे होते. त्याआधी माझे स्क्रू ढिले झाले आहेत का, एवढेच त्यांना बघायचे होते. पण मी दिसेन तर ना! माझ्यावर दोन टॉवेल, एक चादर आणि भिंगरीच्या भावाची चड्डी वाळत होती.

"फार उपयोगाचा आहे हो," आई ओशाळून म्हणाली. "कपडे झटकन वाळतात."

काकांना खोकलाच आला. ताई मात्र मटकन खाली बसल्या. "पण ती 'चालेल' म्हणाली होती ना?"

"अहो ताई, आमच्या घरात 'चालेल' म्हणजे 'आता विषय संपवा.' आवडलं असतं तर ही अर्धा तास बडबडली असती!"

ताईंनी पिशवीतून पांढरा खडू काढला आणि भिंगरीच्या हातात ठेवला. "माझं चुकलं गं. मी तुला कसा वाटला असं विचारलं. आता सांग, कुठं अडतंय? तिथं खूण कर."

"माझ्या पॉलिशवर खडू?" काका ओरडले.

"काका, तुम्ही गप बसा बरं," ताई म्हणाल्या.

भिंगरीने एक खूण केली. मग दुसरी. मग काय, भिंगरी सुटलीच! दांडे जाड, तिच्या मुठीत मावत नव्हते. पाय इतके फाकलेले की दोन बाकांच्या मधून जाता येत नव्हते. पावलागणिक खाडखाड वाजे आणि सगळा वर्ग मागे वळून बघे. दहावी खूण तिने दोन दांड्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत हवेतच काढली. "इथे माझी वही हवी. मला ती स्वतः न्यायचीय."

अकरावी खूण माझ्या चकचकीत पट्टीवर होती. "हे नको. चालताना मला यात माझं तोंड दिसतं. वेडंवाकडं झालेलं."

आता काका ओरडतील असे मला वाटले. पण त्यांनी मुकाट्याने खिशातून काचकागद काढला आणि आपले तीन हातांचे पॉलिश स्वतःच घासून टाकले.

पुढचे पंधरा दिवस भिंगरी रोज शाळा सुटल्यावर सुतारकाकांच्या कारखान्यात येई. दांडे तासले. पाय जवळ घेतले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बूट मला घातले. वहीसाठी ताईंनी पट्टीच्या पुढे टोपली लावली, तर वह्या ठेवताच मी तोंडावर आपटलो! "पुढे नाही, आत टांगा, माझ्या गुडघ्यांच्या वर," असे भिंगरीनेच सुचवले. तिच्या आईने जाड कापडाची झोळी शिवून दिली. डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "चाळिसांचं लाकूड थांबवा. आधी ते ज्यांच्यासाठी आहेत त्या मुलांना इथं बोलवा."

आणि एके दिवशी आम्ही वर्गात गेलो. शेवटच्या बाकापासून बाईंच्या टेबलापर्यंत सतरा पावले. कुणीही मागे वळून पाहिले नाही. भिंगरीने झोळीतून वही काढून टेबलावर ठेवली. दोन गणिते चुकली होती. ती सुधारायला ती परत गेली, पुन्हा आली, पुन्हा एक चूक निघाली, पुन्हा गेली. चुकलेल्या गणितांचा इतका आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

पुढे ती उंच झाली आणि तिला मोठा वॉकर मिळाला, तिनेच आखायला लावलेला. मी कारखान्यातच राहिलो. आता तिथे काहीही करायचे असले की ते वापरणारी माणसे आधी येतात. ताई त्यांना मला दाखवतात. माझ्यावर चकाकी नाही. तासल्याचे डाग आहेत, जुनी भोके आहेत. पण त्या खडूचे मी फार फार आभार मानतो. तो नसता तर आज माझ्यासारखे एकेचाळीस वॉकर टॉवेल वाळवत बसले असते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातले कुणी घरे आखतील, कुणी यंत्रे, कुणी बागा. ज्यांच्यासाठी कराल त्यांना शेजारी बसवून घ्या आणि त्यांच्या हातात खडू द्या. आणि तुम्हाला कुणी विचारलेच, तर समोरच्याच्या तोंडाकडे बघून उत्तर देऊ नका.

गेल्याच आठवड्यात कारखान्यात एक आजोबा आले होते. काकांनी त्यांच्यासाठी नवी काठी केली होती, चांगली चकचकीत. आजोबा दोन पावले चालले, सगळ्यांकडे पाहून हसले आणि म्हणाले, "चालेल की! उगाच तुम्हाला त्रास कशाला?"

भिंगरी आता बारा वर्षांची आहे आणि त्या दिवशी तीही तिथेच होती. ती आपल्या वॉकरने आजोबांपर्यंत गेली. तिने झोळीतून खडू काढला, त्यांच्या हातात दिला आणि सुतारकाकांना म्हणाली, "काका, तुम्ही जरा तिकडं तोंड करा बघू."