काश्मीरचा पडदा कुडपणच्या सड्यावर

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, नाटकाचाही नव्हे. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या भिंतीवर मी पस्तीस वर्षं लटकलो. मित्रांनो, माझ्यासारख्यांची आत्मवृत्तं एरवी शाळेतली मुलं पेपरात लिहितात. हे मात्र मोठ्यांसाठी आहे, कारण जे मी पाहिलं त्यातून मी स्वतःच अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म मांजरपाटाच्या जाड्याभरड्या कापडाचा. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या सोमा पेंटरने मला खळ लावून ताठ केलं आणि माझ्यावर काश्मीर रंगवलं. निळं तळं, दोन हंस, गुलाबाचं झुडूप आणि मागे बर्फाचे डोंगर. सोमा आंबेनळी घाटाच्या पलीकडे कधी गेला नव्हता, त्यामुळे डोंगर पोलादपूरचे आणि बर्फ तेवढा काश्मीरचा झाला. पण लोकांना आवडलं. मार्चमध्ये तळ्यावर लांबलांबून माणसं येत आणि घरी परतण्याआधी माझ्यापुढे सहकुटुंब उभी राहत. स्टुडिओचे मालक राजेंद्रदादा म्हणायचे, "मागे पडदा चांगला असला की माणूस आपोआप ताठ उभा राहतो." मी फुलून जायचो.

माझं एकच तत्त्व होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्यामागे भिंतीचे पोपडे, ओल, वायरींचं जाळं. पुढे सगळं काश्मीर. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही.

उज्वला पहिल्यांदा माझ्यापुढे उभी राहिली ती शाळेच्या फोटोसाठी, आठ वर्षांची. तिच्या कोपरावर पांढरे डाग होते. पुढे ते दंडावर, पाठीवर, मानेवर पसरले. तिची आई सुंदराबाई शिवणकाम करायची. तिने मुलीच्या सगळ्या कपड्यांना मनगटापर्यंत बाह्या लावल्या आणि गळे वर घेतले. मे महिन्यातसुद्धा. घरात त्या डागांना नाव नव्हतं. सुंदराबाई नुसतं ‘ते’ म्हणायची. "दादा, ‘ते’ दिसणार नाय असा काढा हां फोटो."

बाविसाव्या वर्षी स्थळांना पाठवायचा फोटो निघाला. राजेंद्रदादांनी नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता. त्यांनी माऊस फिरवून मानेवरचे डाग पुसून टाकले. मी भिंतीवरून वाहवा केली. काय सफाई! पोलादपूरच्या मुलाने फोटो पाहून होकार कळवला. मग पाहुणे घरी आले, तिने चहाचा ट्रे पुढे केला, बाही जरा वर सरकली, आणि मुलाची आत्या म्हणाली, "फोटोत तर हे नव्हतं." पाहुणे चहा न पिताच उठले, हे सुंदराबाईनेच नंतर दादांना सांगितलं. त्यानंतर उज्वला शिक्षिका झाली, चांगली नावारूपाला आली, पण माझ्यापुढे पुन्हा कधी उभी राहिली नाही.

माझेही दिवस फिरले. दोन हजार एकवीसच्या पुरात सावित्रीचं पाणी स्टुडिओत शिरलं आणि मी कमरेपर्यंत चिखलात उभा होतो. हंस गेले. एक तपकिरी रेघ राहिली, ती कितीही धुतली तरी निघेना. राजेंद्रदादा त्याच वर्षी वारले. त्यांची मुलगी प्रियदर्शिनी मुंबईत फोटोग्राफी शिकून आली होती. तिला काश्मीर नको होतं, तिला साधी पांढरी भिंत पुरे. माझी गुंडाळी करून कपाटावर टाकली. मी मनातल्या मनात फार चडफडलो.

गेल्या वर्षी सुंदराबाई गेली. पुण्यानुमोदनाच्या विधीत ठेवायला आईचा मोठा फोटो करून घ्यायला उज्वला स्टुडिओत आली. प्रियदर्शिनीने तो कॉम्प्युटरवर उघडला. सुंदराबाईच्या गालावर देवीचे व्रण होते.

"ताई, हे पुसू का?"

"नको," उज्वला म्हणाली. "ते पुसले तर ती माझी आई कुठे राहिली?"

आणि मित्रांनो, त्यानंतर ती जे बोलली ते ऐकून माझा उरलासुरला रंग उडाला.

"प्रिया, माझा एक फोटो काढशील? काही न पुसता. आणि अंगावर काही न घालता."

"ताई, काय बोलताय तुम्ही!" प्रियदर्शिनी खुर्चीतून उठलीच.

"मोबाइलवर एका बाईचा फोटो पाहिला. शेतात उभी, अंगावर सूत नाही, आणि सगळ्या अंगावर माझ्यासारखंच. मी तिला वाईट म्हणायला गेले, पण मला म्हणताच येईना. मी एकेचाळीस वर्षांची आहे. आंघोळ करतानासुद्धा मी मान खाली घालत नाही, कारण खाली मी दिसते. एकदा मला मी नीट बघायची आहे."

"मग इथेच काढू. दार लावून."

"इथे नको. मला बाहेर उन्हात काढ, मोकळ्या माळावर. माझ्या पाठीला कधी ऊन लागलेलं नाही गं."

एका शिक्षिकेने असलं काही बोलावं! उघड्या माळावर! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. कुणी पाहिलं तर नोकरी जाईल, महाडात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. प्रियदर्शिनीच्याही मनात तेच असावं. पण शेवटी ती म्हणाली, "कॅमेऱ्यातलं कार्ड तुमच्याकडेच राहील. आणि आडोशाला काहीतरी घेऊन जाऊ." तिची नजर कपाटावर गेली. मी!

डिसेंबरातला रविवार होता. स्कूटरवर आडवा पडून मी पोलादपूर ओलांडलं आणि कुडपणच्या सड्यावर, डोंगरावरच्या उघड्या कातळमाळावर पोचलो. आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्यावर आलो होतो. सोमाने निळे रंगवलेले डोंगर इथे पिवळे, वाळक्या गवताचे होते. मला वाटेच्या बाजूने अंजनीच्या दोन झाडांना बांधलं. इतकी वर्षं माणसं माझ्यापुढे नटून उभी राहिली. आता एक बाई माझ्यामागे कपडे उतरवत होती. पाहू नये म्हणून डोळे मिटावेत, तर पडद्याला पापण्या नसतात.

तिने शाल पायाशी टाकली आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. "तोंड नको घेऊस हां," ती दोनदा म्हणाली.

तेवढ्यात वाटेवरून हाक आली. "कोन हाय गो तितं?"

डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी होती. ही कुडपणचीच राहीबाई, हे नंतर कळलं. प्रियदर्शिनी धावत पुढे आली. "आजी, थांबा! पुढे येऊ नका, पडद्यामागे ताई आहेत!"

"न्हातेय काय? न्हाव दे, न्हाव दे." राहीबाईने भारा उतरवला आणि माझ्याकडे पाठ करून खुशाल बसली. मी चकित झालो. इथल्या वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, बाई आंघोळीला बसली की दुसरीने पाठ करून राखण बसायचं, ही इथली रीतच. थोड्या वेळाने बैल घेऊन एक माणूस दिसला. म्हातारी ओरडली, "गोमाजी, वरल्या वाटंनं जा रे! हितं बाय न्हातेय!" आणि तो माणूस मान वर न करता बैल वळवून गेला.

मग म्हातारीच्या डोक्यात उजेड पडला. "पन गो, सड्यावर पानी कुठं हाय?"

उत्तर द्यायची वेळच आली नाही. वाऱ्याचा झोत आला. पुरात कुजलेली माझी कड टर्रकन फाटली आणि मी जमिनीवर कोसळलो. पस्तीस वर्षांत कधी दगा दिला नव्हता, तो नेमका तेव्हा दिला.

राहीबाई वळली. समोर उज्वला, उन्हात, जशी आहे तशी. म्हातारीने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"कोड हाय गो तुला."

तो शब्द! तिच्या तोंडावर तो कधीच कुणी उच्चारला नव्हता. मला वाटलं, संपलं. आता ही पोर मरेपर्यंत बाह्यांतून बाहेर येणार नाही. उज्वलाचा हात शालीकडे गेला. शाल अर्धी उचलली. आणि मग ती बोटांतून सुटली. ती सरळ उभी राहिली आणि शाळेतली शुद्ध भाषा विसरून म्हणाली, "हाय, आजी. कोड हाय मला."

"मंग उनात जास्त उभी ऱ्हाव नको. माझ्या जावंला व्हतं. लय भाजायचं तिला."

बस्स, एवढंच! मी जमिनीवर पडल्या पडल्या थक्क झालो.

मग तिने कॅमेरा पाहिला आणि तोंडावर हात मारला. "आगो माझे बाय! उगडा फोटू? कुनाला दावनार?"

"कुणाला नाही, आजी. माझ्यासाठीच."

राहीबाई विचारात पडली. "सवताचं आंग सवता बघायला कसली चोरी?" असं म्हणत तिने मला उचललं आणि वाटेच्या बाजूने दोन्ही हातांनी उंच धरलं. "काडा लवकर. माजं हात भरून येतील."

उज्वला कॅमेऱ्याकडे वळली. तोंडासकट.

फोटो झाल्यावर तिने शाल गुंडाळली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या काचेत पाहिलं. आधी डोळे किलकिले करून, मग पूर्ण उघडून. डागांविषयी ती अवाक्षर बोलली नाही. म्हणाली, "अगं, माझे खांदे आईचे आहेत." आणि ती रडायला लागली. एवढ्या वर्षांत तिला डागांखाली खांदे दिसलेच नव्हते.

मी फाटलो होतो, म्हणून राहीबाईने मला मागून घेतलं. आता मी कुडपणला वहाळाकाठी, बायकांच्या आंघोळीच्या जागी बांधलेला असतो. चित्राची बाजू त्यांनी आतून घेतली आहे, बघायला बरं म्हणून. मीही बघतो. भाजलेले हात, ऑपरेशनचे टाके, बाळंतपणाच्या रेषा. पहिले काही दिवस रोज हादरलो. अजूनही अधूनमधून हादरतो.

मित्रांनो, राजेंद्रदादांनी तिला पुसलं तेव्हा वाहवा करणाऱ्यांत मी होतो. तिची माफी मागावी म्हटलं तर पडद्याला तोंड नाही, म्हणून तुमच्यासमोर मागतो. ज्याला आडोसा हवा असेल त्याच्यासाठी तो जरूर धरा. पण तुमच्या घरात मे महिन्यात लांब बाह्या घालणारी कुणी असेल, तर तिच्याशी बोलताना ‘ते’ म्हणू नका. जे आहे त्याचं नाव घेऊन विचारा, आणि उन्हात भाजत नाही ना, हेही विचारा.